पेटीबाहेरची लघवी: खोड की दुखणे?

या सदरासाठी आलेल्या पत्रांत मांजरांच्या शी-शूविषयीची पत्रे या वेळी इतकी आहेत, की कुत्री आणि ससे यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावे लागेल. बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा आहे. मांजर बिघडले, हट्टाला पेटले, मुद्दाम करते, असे पत्रलेखक कळवतात. त्यांचा त्रागा मी समजू शकतो, कारण गादीत मुरलेला मांजराच्या लघवीचा वास सहजी जात नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे. शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या पेटीत नेमाने जाणाऱ्या मांजराने आपली रीत बदलली, तर आधी ते आजारी आहे असे धरून चालावे आणि तपासणीत काही सापडले नाही, तरच स्वभावाकडे वळावे. मांजर दुखणे लपवण्यात पटाईत असते, पण लघवी आणि शौच लपवणे त्यालाही जमत नाही.

प्रश्न: आमचा बोका साडेचार वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे. गणपतीच्या दिवसांत तो सारखा पेटीत जाऊन बसू लागला. जोर करायचा, ओरडायचा आणि तसाच बाहेर यायचा. बद्धकोष्ठ झाले असावे असे समजून आम्ही त्याला चमचाभर एरंडेल दिले. दुसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यात नेले. लघवीचा मार्ग बंद झाल्याचे तिथे कळले. नळी घालावी लागली आणि तीन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. आता तो घरी आहे. हे कशामुळे झाले आणि पुन्हा होईल का? नसबंदीमुळे मार्ग अरुंद होतो असे शेजारी सांगतात, ते खरे आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आपण त्याला त्याच रात्री हलवले, हे फार चांगले झाले. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी अतिशय अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली, की तिथला चिकट स्राव, पेशी आणि बारीक खडे यांचे मिळून बूच तयार होते आणि ते या अरुंद भागात अडकते. मादीचा मार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे तिच्यात असे क्वचितच घडते. एकदा वाट बंद झाली, की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडांवर दाब येतो आणि एरवी शरीराबाहेर जाणारे पोटॅशियम रक्तात साठू लागते. हे पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. पूर्ण अडथळा आलेला बोका उपचारांविना दोन-तीन दिवसांत, क्वचित त्याआधीही दगावतो. म्हणून बोका वारंवार पेटीत जात असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळपर्यंतसुद्धा वाट पाहू नये.

बद्धकोष्ठाशी होणारी गल्लत नेहमीची आहे, कारण दोन्हींत मांजर पाठ वाकवून जोर करताना दिसते. घरी करता येण्यासारखी एकच परीक्षा आहे. पेटीतील सगळी माती काढून ताजी माती घालावी आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ती ओली झाली आहे का, हे हाताने चाळून पाहावे. ओल नसेल किंवा रुपयाएवढाही गोळा जमलेला नसेल, तर तो अडथळाच आहे असे समजावे. पोट दाबून पाहण्याचा मोह टाळावा. ताठ भरलेले मूत्राशय दाबामुळे फुटू शकते. पशुवैद्याच्या बोटांना ते क्षणात कळते. एरंडेलाने अडथळा तर सुटत नाहीच, उलट जुलाबांमुळे शरीरातील पाणी आणखी कमी होते. माणसांची दुखण्यावरची गोळी तर कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्यासाठी लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, त्यामुळे एका गोळीनेही मांजर मरू शकते.

आता कारणांविषयी. मध्यमवयीन मांजरांच्या मूत्राशयाच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा जंतू नसतात. मूत्राशयाच्या अस्तराला ताणामुळे सूज येते आणि तिचे नेमके कारण एखाद्या तपासणीत पकडता येत नाही. गणपतीचे दिवस म्हणजे घरात अनोळखी माणसे, आरत्या, ताशा, हललेले सामान आणि बंद दाराआड ठेवलेले मांजर. माणसांचा तो आनंदाचा काळ असला, तरी घरातच राहणाऱ्या मांजराची दिनचर्या त्यात पार कोलमडते. दिवाळीच्या फटाक्यांनंतरच्या आठवड्यातही असे बोके दवाखान्यात आलेले मी दर वर्षी पाहतो. घराबाहेर न जाणे, वाढलेले वजन आणि केवळ कोरडे खाणे यांमुळे हा धोका वाढतो.

नसबंदीमुळे मार्ग अरुंद होतो, हा समज जुना आहे. मोजमाप करून झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. नसबंदीनंतर भूक वाढते, हालचाल कमी होते आणि मांजर गुबगुबीत होते, एवढे मात्र खरे, आणि वजनाचा या दुखण्याशी संबंध आहे. शेजाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, त्यांनी काढलेले कारण तेवढे चुकीचे आहे.

हे पुन्हा होऊ शकते आणि पहिले काही आठवडे विशेष सांभाळावे लागतात. सर्वांत मोठा उपाय पाण्याचा आहे. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, तर ओल्या डबाबंद खाण्यात पाऊण हिस्सा पाणीच असते. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले असल्यामुळे त्याला तहान कमी लागते. ते पाणी पिण्यापेक्षा खाण्यातून घेते. म्हणून कोरडे खाणे हळूहळू कमी करून ओले द्यावे. घरी शिजवलेल्या कोंबडीचे पाणी दिले तरी चालेल, परंतु त्यात मीठ, कांदा आणि लसूण नसावा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. पाण्याची पसरट भांडी घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून दूर ठेवावीत. लघवीत स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे सापडले असतील, तर ते विरघळवणारे खास खाद्य मिळते. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र खाद्याने विरघळत नाहीत. त्यामुळे अहवालात कोणते नाव लिहिले आहे, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि मगच खाद्य निवडावे.

प्रश्न: आमची मांजरी तीन वर्षांची आहे. नातू घरी आल्यापासून ती अंथरुणावर आणि विशेषतः बाळाच्या दुपट्यांवर थोडी थोडी लघवी करते. एकदा डाग गुलाबी दिसला. बाळासाठी जागा हवी म्हणून तिची पेटी आम्ही बाल्कनीत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी हलवली आहे. तिला मत्सर वाटत असेल का? आमचे हे म्हणतात, तिला लांब कुठेतरी सोडून येऊ. (एक आजी, पुणे)

उत्तर: आजी, नातवाबद्दल अभिनंदन. सोडून येण्याचा विचार आधी मनातून काढून टाकावा. आयुष्यभर घरात राहिलेले मांजर बाहेर तग धरत नाही, शिवाय पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे आजोबांना वाचून दाखवले तरी चालेल.

आपण गुलाबी डागाचा उल्लेख एका वाक्यात केला आहे, पण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. गुलाबी म्हणजे रक्त. थोडी थोडी आणि पुन्हा पुन्हा लघवी, त्यात रक्त आणि मऊ जागेची निवड, ही सगळी सुजलेल्या मूत्राशयाची लक्षणे आहेत. पेटीत बसल्यावर आग झाली, की मांजर त्या वेदनेचा दोष पेटीला देते आणि जागा बदलून पाहते. दुपटी मऊ, कोरडी आणि जमिनीलगत असतात. त्यांची निवड झाली याचे कारण बहुधा एवढेच आहे. सूड घेण्यासाठी लघवी करावी, एवढा लांबचा विचार मांजर करत असल्याचा कोणताही पुरावा नाही.

लघवीची तपासणी करून घ्यावी. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग कमीच असतो, म्हणून तपासणीशिवाय प्रतिजैविक सुरू करण्याचा आग्रह धरू नये. अशी सूज पुष्कळदा आठवडाभरात आपोआप उतरते आणि मग मधे घेतलेल्या कोणत्याही औषधाला तिचे श्रेय मिळते. त्या आठवड्यातल्या वेदनांसाठी मात्र पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक आवश्यक आहे. मूळ कारण तसेच राहिले, तर दुखणे काही महिन्यांनी परत येते.

आपल्या घरातले मूळ कारण मला दोन ठिकाणी दिसते. बाळाचे रडणे आणि बदललेले वेळापत्रक आपल्या हातात नाही. पेटीची जागा मात्र हातात आहे. धुण्याचे यंत्र पिळण्याच्या वेळी ज्या आवाजाने थरथरते, त्याच्याशेजारी बसून निवांतपणे लघवी करणे कोणत्याही मांजराला अवघड आहे. एकदा दचकले, की ते पुन्हा तिथे जात नाही. पेटी जुन्या जागी किंवा तिच्या जवळ परत ठेवावी, आणि दुसरी पेटी घराच्या वेगळ्या कोपऱ्यात द्यावी. मांजरे जितकी, त्याहून एक पेटी जास्त, असा साधारण दंडक आहे. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, वर झाकण नसावे, मातीला सुगंध नसावा आणि थर सुमारे दोन-तीन इंच असावा. गुलाब किंवा लव्हेंडरचा वास माणसांच्या सोयीचा असतो. मांजराच्या नाकाला तो असह्य होऊ शकतो. बाळाच्या खोलीबाहेर एखाद्या कपाटावर तिच्यासाठी उंच, निवांत जागा केली आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटे कोणी तिच्याशी खेळले, तर पुष्कळ फरक पडतो.

आपल्या मांजरीला लागू नसली, तरी एक गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. उभे राहून, शेपूट ताठ करून आणि तिचे टोक थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणे हा वेगळा प्रकार आहे. ती हद्द आखण्याची खूण असते आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांत ती सर्वाधिक दिसते. नसबंदीनंतर बहुसंख्य बोके ते थांबवतात.

प्रश्न: माझी मांजरी तेरा वर्षांची आहे. पेटीतील मातीचे गोळे हल्ली मोसंबीएवढे मोठे निघतात आणि माती लवकर संपते. ती पाणीही खूप पिते, बादलीत तोंड घालते. खाते व्यवस्थित, पण पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे. म्हातारपणामुळे असे होते का? रात्री पाणी उचलून ठेवावे का? आमच्या भागात तपासणीच्या सोयी फारशा नाहीत. (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: पाणी कधीही उचलून ठेवू नये. ती जास्त पाणी पिते म्हणून जास्त लघवी करते, असे वरकरणी वाटते, पण क्रम बहुधा उलटा आहे. शरीरातून पाणी निसटते आहे आणि ती नाइलाजाने ते भरून काढते आहे. पाणी तोडले, तर एका रात्रीतही तिची प्रकृती ढासळू शकते.

निरोगी मांजराची मूत्रपिंडे लघवी अतिशय दाट करतात. वयाबरोबर त्यांचे कार्य घटले, की दाटपणा जातो आणि लघवीचे प्रमाण वाढते. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ रक्तात वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडाचा बराच मोठा भाग निकामी झालेला असतो. गोळ्यांचा आकार त्यापूर्वीच वाढू लागतो, म्हणून माती चाळणारा माणूस कित्येकदा प्रयोगशाळेच्या आधी आजार ओळखतो. परंतु मूत्रपिंडाचा आजार हीच एक शक्यता नाही. भूक चांगली असून वजन घटते आहे, ही जोडी मधुमेहात दिसते आणि दहा वर्षांवरील मांजरांत थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यासही दिसते. तिन्ही आजार बाहेरून सारखे वाटतात आणि तिघांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. मूत्रपिंडासाठी खाद्यातील फॉस्फरस कमी करावा लागतो. मधुमेहात इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचे खाद्य लागते. लवकर निदान झाले, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. थायरॉइडसाठी रोजची गोळी असते. त्यामुळे अंदाजाने औषध देण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात जाण्याआधी आपण दोन मोजमापे करावीत. मोजलेले पाणी भांड्यात घालून चोवीस तासांनी उरलेले वजा करावे आणि त्या दिवशी बादलीवर झाकण ठेवावे. कोरडे खाणारे चार किलोचे मांजर रोज 200 मिलीलिटरहून अधिक पाणी पिऊ लागले, तर ते तपासण्याजोगे आहे. दुसरे मोजमाप वजनाचे. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले एकट्याचे वजन त्यातून वजा करावे. चार किलोच्या मांजराचे 400 ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटण्यासारखे आहे.

लघवीचा नमुना घरीच घेता येतो. पेटी धुऊन, वाळवून तीत मत्स्यालयातले धुतलेले गुळगुळीत खडे घालावेत. ते लघवी शोषत नाहीत. तळाशी जमलेली लघवी सुई नसलेल्या सिरिंजने ओढून स्वच्छ बाटलीत भरावी आणि शक्यतो त्याच सकाळी पोहोचवावी. आपल्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. अशा महाविद्यालयांना जोडलेली चिकित्सालये असतात. रक्तातील युरिया, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड, लघवीचा दाटपणा आणि शक्य असल्यास रक्तदाब, एवढे पाहून घ्यावे. साखरेच्या एका आकड्यावर मधुमेह ठरवू देऊ नये, कारण दवाखान्यातल्या भीतीनेसुद्धा मांजराची साखर चढते.

प्रश्न: मला तिसरा महिना सुरू आहे. मांजराच्या विष्ठेमुळे बाळाला धोका असतो, म्हणून मांजर कोणाला तरी देऊन टाकावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सासूबाईंची काळजी निराधार नाही, मात्र त्यावरचा उपाय एवढा टोकाचा असण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भाला इजा करू शकतो. मांजर त्याची बीजे विष्ठेतून बाहेर टाकते, पण बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे. ताज्या विष्ठेतील बीजे लगेच बाधत नाहीत. त्यांना तयार होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ झाली, तर धोका फारच कमी होतो. हे काम प्रसूतीपर्यंत आपल्या यजमानांकडे द्यावे. ज्या दिवशी दुसरे कोणीच नसेल, त्या दिवशी हातमोजे घालून साफ करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजर घरातच ठेवावे, त्याला कच्चे मांस देऊ नये आणि उंदीर पकडू देऊ नयेत.

मांजराला कुरवाळण्याने हा संसर्ग सहसा होत नाही. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली पालेभाजी आणि कुंड्यांतली माती यांतून तो अधिक होतो, आणि स्वयंपाकघरातल्या त्या वाटेकडे घरात कोणाचे लक्ष नसते. पूर्वी संसर्ग होऊन गेला आहे का, हे सांगणारी रक्ततपासणी असते. ती करावी की नाही, हे आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारावे.

प्रश्न: विकतची माती परवडत नाही. वाळू वापरली तर चालेल का? पेटी आम्ही रोज फिनाईलने धुतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: वाळू अवश्य वापरावी. बारीक, उन्हात वाळवलेली वाळू मांजरांना मनापासून आवडते. समुद्रावरची असेल, तर ती आधी गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. विकतची माती बहुधा बेंटोनाइट या चिकणमातीची असते. ती पाण्याने फुगून घट्ट गोळा धरते, त्यामुळे लघवी किती झाली हे कळते. वाळूत हे कळत नाही आणि दोन-तीन दिवसांत सगळी वाळू बदलावी लागते. विकतची माती शौचकूपात टाकू नये, नळ तुंबतो.

फिनाईल मात्र आजच बंद करावे. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर पंजे चाटत असल्यामुळे ती थेट पोटात जातात. शिवाय त्या उग्र वासामुळेच कित्येक मांजरे पेटी सोडतात. साधा साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे.

प्रश्न: आमचा चौदा वर्षांचा बोका लघवी पेटीत करतो, पण शी पेटीच्या अगदी शेजारी करतो. लेंड्या कोरड्या आणि कडक असतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पेटीच्या इतक्या जवळ जाऊन बाहेर शी होत असेल, तर जागा त्याला मान्य आहे आणि अडचण आत शिरण्यात किंवा आत टिकण्यात आहे. बारा वर्षांवरील मांजरांचे एक्स-रे काढले, की बहुतेकांच्या सांध्यांत झीज दिसते. लघवी पटकन उरकते. शौचासाठी मात्र जास्त वेळ पाठ वाकवून, मागच्या पायांवर भार देऊन बसावे लागते, आणि सांधे दुखत असतील तर त्याला ते सोसत नाही. तो पूर्वीइतक्या उंच उड्या मारतो का आणि कमरेजवळचे केस स्वतः चाटून नीट ठेवतो का, हे पाहावे.

पेटीची एक बाजू कापून उंबरा तीन बोटांएवढा ठेवावा आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात. कडक लेंड्या म्हणजे शरीरात पाणी कमी आहे, आणि या वयात त्यामागे मूत्रपिंडेही असू शकतात. लातूरच्या वाचकांना सांगितलेल्या तपासण्या त्याच्याही करून घ्याव्यात. तोवर ओले खाणे वाढवावे. दोन दिवस शी झाली नाही, किंवा जोर करताना त्याने उलटी केली, तर दवाखान्यात न्यावे. एनिमा घरी देऊ नये. माणसांसाठीच्या फॉस्फेटयुक्त एनिमाने मांजर दगावू शकते.